आधी कोणता पाहावा: 'क्राउचिंग टायगर', 'हीरो' की 'फ्लाइंग डॅगर्स'?

चिनी तलवारबाजीचे भव्य चित्रपट पाहायचे मनात आलं की तीन नावं हमखास पुढे येतात: 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' (२०००), 'हीरो' (२००२) आणि 'हाऊस ऑफ फ्लाइंग डॅगर्स' (२००४). तिथेच पंचाईत होते. तिन्हींत झांग झियी ही अभिनेत्री आहे, तिन्हींत माणसं हवेतून उडतात, तिन्हींत कुणाचं ना कुणाचं प्रेम फसतं. पोस्टरं शेजारी ठेवली तर एकाच मालिकेचे भाग वाटावेत. प्रत्यक्षात हे तीन फार वेगळ्या स्वभावाचे सिनेमे आहेत, आणि चुकीच्या संध्याकाळी चुकीचा लावला तर अर्ध्या तासात मोबाइल हातात येईल.

माझा कौल आधीच देऊन टाकतो. एकच पाहायचा असेल तर 'क्राउचिंग टायगर'. घरी प्रोजेक्टर असेल किंवा कुठे मोठ्या पडद्यावर खेळ लागला असेल तर मात्र 'हीरो' आधी, कारण तो मोबाइलवर पाहणं म्हणजे न पाहण्यासारखंच आहे. 'फ्लाइंग डॅगर्स' तिसरा, आणि तोही सगळ्यांसाठी नाही.

तुलनेआधी उडण्याचं बोलून घेऊ, कारण नव्या प्रेक्षकाची गाडी तिथेच अडते. 'वूशिया' म्हणजे तलवारबाज वीरांच्या कथांची चिनी परंपरा. तिच्यात वर्षानुवर्षं साधना केलेला माणूस देहाने हलका होतो, छपरांवरून आणि पाण्यावरून चालतो, हे गृहीतच धरलेलं असतं. त्याचा खुलासा कुणी मागत नाही आणि कुणी देतही नाही. या चित्रपटांच्या लढायांना ताल मिळाला तो बीजिंग ऑपेराच्या रंगमंचावरून. किंग हू या दिग्दर्शकाने साठ-सत्तरच्या दशकांत तिथल्या तालवाद्यांच्या ठेक्यावर हाणामारी बेतायला सुरुवात केली: आधी स्तब्धता, मग झपकन हालचाल, पुन्हा स्तब्धता. आपल्याकडे संगीत नाटकात पद सुरू झालं की 'हा माणूस मध्येच का गातोय?' असं कुणी विचारत नाही, कारण संवादात न मावलेलं त्या पदात येणार हे ठाऊक असतं. वूशियातली लढाई तशी ऐकायची, म्हणजे पाहायची. आणि या कसोटीवर तिन्ही चित्रपटांचे रस्ते वेगळे होतात.

'क्राउचिंग टायगर'मध्ये प्रत्येक लढाईत कुणीतरी काहीतरी बोलून जातं, जे त्याला तोंडाने बोलता आलेलं नसतं. काळ छिंग राजवटीचा. ली मू बाय (चाऊ युन-फॅट) आपली प्रसिद्ध तलवार देऊन टाकून तलवारबाजीच्या जगातून बाहेर पडू पाहतोय. यू शू लियेन (मिशेल योह) आणि तो वर्षानुवर्षं एकमेकांवर जीव लावून आहेत, पण शब्द निघत नाही. मध्ये एका बड्या अधिकाऱ्याची लेक आहे, जेन (झांग झियी). तिचं लग्न ठरलंय, आणि रात्री ती तोंडाला फडकं बांधून तलवार चोरते. पहिली लढाई सुरू व्हायला चांगला पाव तास लागतो. तोवर चहा, नमस्कार-चमत्कार आणि दबलेली वाक्यं. मग रात्री छपरांवरचा पाठलाग सुरू होतो, पार्श्वभूमीला संगीतकार तान दुनचे नुसते ढोल वाजतात, आणि पंधरा मिनिटं दाबून धरलेलं सगळं एकदम सुटतं.

चित्रपटातली सर्वोत्तम लढाई मात्र जमिनीवरची आहे. अंगणात शू लियेन आणि जेन समोरासमोर येतात. जेनच्या हातात ती तलवार, जी समोरचं कोणतंही शस्त्र कापते. शू लियेन एकामागून एक शस्त्र उचलते, भाला काय, आकडेदार तलवारी काय. एक अवजड लोखंडी हत्यार तर तिला नीट पेलवतही नाही, तिथे हसू येतं. ते बाजूला पडलं की ती पुढचं घेते. एकीकडे आयती मिळालेली धार, दुसरीकडे उभ्या आयुष्याचा सराव. दोघींमधला मत्सर, माया आणि राग त्या काही मिनिटांत येऊन जातो, आणि कुणी भाषण देत नाही. साहसदृश्यं युएन वू-पिंगची. याच चित्रपटाच्या चित्रीकरणात मिशेल योहच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला होता.

दिग्दर्शक आंग ली तैवानचा. मूळ कथा वांग दुलू या लेखकाच्या कादंबरीमालेतली. चित्रपटाला दहा ऑस्कर नामांकनं मिळाली आणि चार पुरस्कार: परभाषिक चित्रपट, छायालेखन, कलादिग्दर्शन, संगीत. संगीतात यो-यो मा याचा चेलो आहे, आणि तो एकटा ऐकला तरी ली मू बायचा चेहरा डोळ्यांसमोर येतो. अमेरिकेत दहा कोटी डॉलरच्या वर कमाई करणारा हा पहिला परभाषिक चित्रपट. चिनी प्रेक्षकांचं मात्र तितकं प्रेम त्याच्या वाट्याला आलं नाही. हाँगकाँगचा चाऊ युन-फॅट आणि मलेशियाची मिशेल योह यांचे मँडरिन उच्चार तिथल्या कानांना खटकले. आपल्याला ते कळण्याचा प्रश्नच नाही, तेवढा आपला फायदा.

'हीरो'त पात्रं एवढी जिवंत होत नाहीत. दिग्दर्शक झांग यिमौला त्याची फिकीरही दिसत नाही. त्याची कथा चित्रांतून, आणि नेमकं सांगायचं तर रंगांतून उलगडते. इसवी सनपूर्व तिसरं शतक. चिन या राज्याच्या राजाला मारायला तीन मारेकरी टपलेले आहेत, आणि एक अनाम अधिकारी (जेट ली) दरबारात येऊन सांगतो की त्या तिघांना मीच संपवलं. बक्षीस म्हणून त्याला राजापासून दहा पावलांवर बसू दिलं जातं. तो हकिगत सांगतो, राजा ऐकतो आणि म्हणतो, हे असं घडलंच नसावं. मग राजा आपली आवृत्ती सांगतो. मग तिसरी. दर आवृत्तीला कपडे, पडदे, झाडं, सगळ्याचा रंग बदलतो: मत्सराची गोष्ट लाल, राजाच्या कल्पनेतली निळी, खरी पांढरी, जुनी आठवण हिरवी. भोवती दरबाराचा काळा-करडा. कोण खोटं बोलतंय हे संवादाआधी रंगाने कळतं, म्हणून इथलं सौंदर्य निव्वळ सजावट राहत नाही. वेशभूषा एमी वाडाची, कॅमेरा ख्रिस्तोफर डॉइलचा.

पिवळ्या पानांच्या रानात लाल कपड्यांतल्या दोन बायका लढतात, ते दृश्य तुम्ही कुठेतरी तुकड्यात पाहिलंच असेल. ते इनर मंगोलियात चित्रित झालं. पानं पिवळी व्हायची वाट पाहिली, गोळा केली, प्रतवारी लावली, चेहऱ्यासमोरून उडणारी वेगळी आणि जमिनीवर पसरायची वेगळी. चीनमधल्या जिउजायगौ दरीतल्या तळ्यावरच्या द्वंद्वासाठी पाणी आरशासारखं शांत हवं होतं, आणि ते दिवसातला थोडाच वेळ तसं राहायचं. एवढा हट्ट पडद्यावर दिसतो का? दिसतो.

तरी माझं आवडतं दृश्य सगळ्यात कमी रंगांचं आहे. बुद्धिबळाच्या पटांचा वाडा, पाऊस, एक अंध म्हातारा तंतुवाद्य वाजवतोय. जेट ली आणि डॉनी येन डोळे मिटून उभे आहेत. लढाई त्यांच्या मनात चालू आहे, रंग उडालेली. तार तुटते आणि मग खरी तलवार चालते. खऱ्या आयुष्यातही लहानपणापासून वूशूत, म्हणजे चिनी युद्धकलेत, मुरलेले हे दोन नट, त्यामुळे इथे कॅमेऱ्याला लपवाछपवी करावी लागत नाही. (साहसदृश्यं चिंग सिउ-तुंगची. हा गृहस्थ पुढे २००६ मध्ये मुंबईच्या 'क्रिश'साठीही आला. हृतिकची झाडांवरची धाव आठवली तर धागा लागेल.)

'हीरो'ची एक अडचण आहे आणि ती लहान नाही. हा राजा म्हणजे पुढे इसवी सनपूर्व २२१ मध्ये सगळी राज्यं जिंकून पहिला सम्राट झालेला चिन शी ह्वांग. त्याच्यावरचा इसवी सनपूर्व २२७ चा जिंग के याचा फसलेला हल्ला चिनी इतिहासात प्रसिद्ध आहे. नकाशाच्या गुंडाळीत खंजीर लपवून तो दरबारात शिरला होता. त्या परंपरेत मारेकऱ्याबद्दल आदर आहे. चित्रपट मात्र शेवटाकडे जाताना शांततेसाठी एकाच हाती सत्ता हवी, मग ती कितीही रक्ताने आलेली असो, या विचाराकडे झुकतो. हुकूमशाहीची तळी उचलली, असा आरोप त्यावर तेव्हाही झाला, आणि मला तो खोडून काढता येत नाही. शेवटचे बाण सुटतात तेव्हा डोळे सुखावलेले असतात आणि मनात खटका असतो. ज्यांना गोष्टीशी असं भांडायला आवडतं त्यांना 'हीरो' जास्त भावेल.

'फ्लाइंग डॅगर्स'ही झांग यिमौचाच, दोनच वर्षांनंतरचा. थांग राजवट, इसवी सन ८५९. दोन शिपाई, एक अंध नर्तकी, बंडखोरांची गुप्त टोळी. सुरुवातीचा नगाऱ्यांचा खेळ अफाट आहे: गोल मांडलेल्या ढोलांवर दाणा आपटतो आणि नर्तकी लांबलचक बाह्या फेकून नेमका तोच ढोल वाजवते. त्या दहा-बारा मिनिटांसाठी तिकीट काढावं. त्यापुढे मात्र गोष्ट गुपितांवर चालते. हा तो नव्हे, ती ती नव्हे, आणि दर कलाटणीनंतर मागचा प्रसंग जरा पोकळ होतो. इथे सौंदर्य कथेच्या पुढे पळतं. अनिता मुई ही गायिका-अभिनेत्री यात महत्त्वाची भूमिका करणार होती, पण २००३ च्या डिसेंबरात ती गेली. तिच्या जागी दुसरं कुणी न घेता पटकथा बदलली आणि चित्रपट तिला अर्पण केला. उत्तरार्धात टोळीचं कथानक अचानक हवेत सोडून दिल्यासारखं वाटतं, त्यात याचाही वाटा असावा. शेवटचं द्वंद्व शरदात सुरू होऊन बर्फात संपतं. युक्रेनमध्ये चित्रीकरण चालू असताना बर्फ अवेळी पडला आणि दिग्दर्शकाने तो कथेत घेतला. कथेला तो शोभलाही. कारण उरलेला चित्रपट म्हणजे दोन पुरुष आणि एक बाई यांचं अतिशय भडक, अतिशय देखणं प्रेमप्रकरण आहे, आणि तसलं ज्यांना आवडतं त्यांनी माझं न ऐकता हाच आधी लावावा.

अजून मन ठरत नसेल तर एक सोपी चाचणी. बांबूच्या बनातली लढाई 'क्राउचिंग टायगर'मध्येही आहे आणि 'फ्लाइंग डॅगर्स'मध्येही. दोन्हींचं मूळ किंग हूच्या 'अ टच ऑफ झेन'मध्ये. त्याचं बन म्हणजे वरून सुरीसारखे उतरणारे प्रकाशाचे पट्टे आणि विजेच्या वेगाने होणारे कट. आंग लीने जेजियांग प्रांतातल्या आन्जीमध्ये उलट केलं. त्याने वेग काढून टाकला. ली मू बाय आणि जेन वाकलेल्या शेंड्यांवर झुलत उभे राहतात, तलवारीला तलवार जेमतेम लागते. तो तिला शिष्या करू पाहतोय की आणखी काही, हे त्या झुलण्यात संदिग्ध राहतं, आणि दोघांनाही ते कळत नाही. झांग यिमौच्या बनात सैनिक शेंड्यांवरून सरसर घसरत येतात, बांबू तासून भाले करतात, त्यांचाच पिंजरा उभा करतात. आवाज भन्नाट, धोका खरा, हिरवा रंग अंगावर येणारा, पण दृश्य संपल्यावर पात्रांबद्दल आपल्याला काही नवं कळलेलं नसतं. ही दोन दृश्यं लागोपाठ पाहा. पहिल्यात मन रमलं तर 'क्राउचिंग टायगर', दुसऱ्यात श्वास अडकला तर झांग यिमौच्या वाटेने जा.

त्या वाटेवर पुढे 'शॅडो' (२०१८) नक्की पाहा. रंगांचा बादशहा म्हणून मिरवलेल्या माणसाने इथे जवळपास सगळे रंग काढून टाकले. शाईने रंगवल्यासारखं करडं जग, अखंड पाऊस, आणि पोलादी पात्यांच्या छत्र्या. रक्त तेवढं लाल. देंग चाओ सेनापती आणि त्याचा तोतया अशी दुहेरी भूमिका करतो, आणि सेनापतीची बायको झालेली सुन ली त्याची खरीखुरी बायको आहे. चित्रपट सुरुवातीला रेंगाळतो, पण 'फ्लाइंग डॅगर्स'पेक्षा तो मी केव्हाही वर ठेवीन.

हौ शाओ-शियेनचा 'द असॅसिन' (२०१५) कान महोत्सवात दिग्दर्शनाचा पुरस्कार घेऊन आला. रेशमी पडद्यांआडून टिपलेली त्यातली कुजबुज अजोड आहे. कोण कुणाचं कोण हे मात्र पहिल्या खेपेला कळत नाही, आणि लढाया सुरू होण्याआधीच संपतात. तिन्ही मोठे पाहून झाल्याशिवाय त्याला हात लावू नका. 'अ टच ऑफ झेन' तीन तासांच्या वर जातो, तो सुट्टीच्या दिवसासाठी राखून ठेवा.

कोणताही निवडा, मूळ मँडरिनमध्ये सबटायटल लावून पाहा. इंग्रजी किंवा हिंदी डबमध्ये 'क्राउचिंग टायगर'मधले दबलेले आवाज सरळ घोषणा होतात. आणि आवडला म्हणून लगेच २०१६ चा त्याचा दुसरा भाग शोधू नका. तो युएन वू-पिंगने दिग्दर्शित केला, मिशेल योह त्यातही आहे, पण सगळे इंग्रजीत बोलतात आणि बोलून झालं की लढतात.