चाक निघत नाही म्हणून बेअरिंगचे पैसे मोजू नका

सगळे नट सुटले, जॅक लागला, तरी चाक हबवरून, म्हणजे ते ज्यावर बसवलेलं असतं त्या लोखंडी भागावरून, तसूभर हलत नाही, असं झालं तर आधी एवढं ध्यानात घ्या: चाक निघत नाही म्हणून ते फिरतं ठेवणारं बेअरिंग गेलं असं होत नाही. चाक आणि हब यांच्यामध्ये गंज बसलेला असतो आणि त्या गंजानं चाक धरून ठेवलेलं असतं. आमच्याकडून या गंजाचे 7,800 रुपये घेतले गेले, हब आणि बेअरिंग बदलल्याच्या नावाखाली. प्रत्यक्षात दोन्हींतलं काहीच बदललं नव्हतं. कोकणात, समुद्राजवळ गाडी ठेवणाऱ्या प्रत्येकावर ही वेळ येऊ शकते, म्हणून सगळं तपशिलात लिहिते आहे.

गाडी माझ्या सासऱ्यांची, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. मालवणात घर, अंगणात उभं राहिलं की समुद्राची गाज ऐकू येते. अशा खाऱ्या हवेत लोखंड टिकत नाही. अण्णांना डोळ्यांच्या तपासणीसाठी कोल्हापूरला, आमच्याकडे न्यायचं होतं. मी गाडी चालवत होते, अण्णा शेजारी, मागे माझी मुलगी. कसालला महामार्गाला लागलो आणि कणकवली यायच्या आधी पुढचं डावं टायर एका धारदार दगडानं कडेला फाटलं. टायर ट्यूबलेस होतं, पण फाटलं होतं कडेलाच. तिथे पंक्चरची पट्टी लावता येत नाही, चाक काढून स्टेपनीच बसवावी लागते.

नट मी सोडवले. चाक मात्र निघेना. थोड्याच अंतरावर रस्त्याकडेला गॅरेज होतं, तिथला माणूस जॅक आणि हातोडा घेऊन आला. त्यानं टायरवर दोनचार लाथा घातल्या, हातोड्याचे घाव घातले आणि लगेच निदान सांगितलं: "बेअरिंग जाम होऊन हबला चिकटलंय. हब तोडल्याशिवाय चाक निघायचं नाही." मी म्हटलं, गाडीचा कसलाच आवाज येत नव्हता. त्यावर तो माझ्याशी बोलायचाच थांबला आणि अण्णांकडे वळला. "काका, फोंडा घाटात जाताय ना? दाजीपूरच्या जंगलात चाक निखळलं तर फोनसुद्धा लागणार नाही. सोबत लेकरू आहे." संध्याकाळ होत आली होती. अण्णांचा चेहरा उतरला. त्या माणसाला जे हवं होतं ते त्याच क्षणी मिळालं.

गाडी ढकलत गॅरेजात नेली. "गॅसची ज्योत मारावी लागेल, लेकराला इथे थांबवू नका," असं सांगून आम्हाला रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसवलं. परत बोलावलं तेव्हा स्टेपनी बसलेली होती आणि त्याच्या हातात काळंकुट्ट ग्रीस माखलेलं एक बेअरिंग होतं. "हे बघा तुमचं." मी त्याचा फोटो काढला. बेअरिंग बरोबर द्या म्हटलं तर म्हणाला, जुना माल कंपनीला परत द्यावा लागतो. बिल साध्या कागदावर: हब असेंब्ली, बेअरिंग, ऑइल सील, लेबर. खाली सही नाही, जीएसटी क्रमांक नाही. पैसे मी यूपीआयनं दिले, ते गॅरेजच्या नावावर न जाता भलत्याच कुणाच्या तरी नावावर गेले.

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचे नेहमीचे मिस्त्री आहेत. दुसऱ्या दिवशी नवं टायर घालायला गाडी त्यांच्याकडे नेली आणि बिल दाखवलं. त्यांनी चाक उतरवलं, हबच्या मधोमध असलेल्या मोठ्या नटावर बॅटरीचा उजेड टाकला आणि मला वाकून बघायला सांगितलं. "वहिनी, ह्या नटाला पाना बी लागल्याला न्हाई."

आमच्या फसवणुकीचा सगळा पुरावा या नटात होता. पुढच्या चाकाचं बेअरिंग बदलायचं तर आधी इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टच्या टोकाचा हा एक्सल नट सोडवावा लागतो. आमच्यासारख्या अनेक गाड्यांत नटाची पातळ कड शाफ्टच्या खाचेत ठोकून बसवलेली असते, म्हणजे नट आपोआप सैल होत नाही. तो सोडवायचा तर ठोकलेली कड आधी उचलावी लागते आणि परत बसवताना सहसा नवा नट घालतात. आमच्या नटाची कड खाचेत होती तशीच होती, तिच्यावर जुना तांबूस गंज सलग पसरलेला. शिवाय अशा गाडीत बेअरिंग नकलमध्ये, म्हणजे हबला धरून ठेवणाऱ्या लोखंडी भागात, घट्ट दाबून बसवलेलं असतं. ते काढायला आणि घालायला हायड्रॉलिक प्रेस लागतो. त्या गॅरेजात प्रेस नव्हताच. आणि माझ्या फोनमधला तो फोटो? त्यातलं बेअरिंग तिरक्या रोलरचं होतं. आमच्या गाडीत पुढे दोन ओळींत गोळ्या असलेलं बंद बेअरिंग असतं. कुठल्यातरी टेम्पोचं जुनं बेअरिंग ग्रीस फासून आमच्यापुढे धरलं होतं.

वर नुकसान केलं ते वेगळंच. अलॉय चाकाच्या आतल्या कडेला हातोड्याचे थेट घाव होते, बोल्टांवर तेल चोपडलेलं होतं आणि एक नट आटे मारून तिरका बसवलेला होता. खरं सांगते, पैशांपेक्षा या तिरक्या नटाचा मला जास्त राग आला. घाटात चाक निखळायची भीती घातली त्या माणसानंच आणि ती भीती खरी ठरू शकेल असं कामही त्यानंच करून ठेवलं, तेही गाडीत लहान मूल आहे हे बघून.

मिस्त्रींनी मग उरलेली चाकं बघितली. तीही सगळी धरलेली होती! कारण साधं आहे. चाकाच्या मधलं गोल भोक हबच्या वर आलेल्या कडेवर अगदी नेमकं बसतं, पितळी डब्याच्या झाकणासारखं. मधे फट जेमतेम केसाएवढी. तिच्यात पावसाचं पाणी आणि खारी हवा शिरली की हबचं लोखंड गंजतं, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे फट भरून चाक आवळलं जातं. अलॉयचं चाक असेल तर आणखी भर पडते, कारण ॲल्युमिनियम आणि लोखंड ओल्या मिठाच्या संगतीत एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियमही खाल्लं जातं आणि पांढरी भुकटी साचते.

त्यांनी चाकं कशी काढली ते मी शेजारी उभी राहून पाहिलं. गंज सोडवणारा स्प्रे हब आणि चाकाच्या सांध्यात मारला, ब्रेकच्या डिस्कवर उडणार नाही याची काळजी घेऊन, आणि थोडा वेळ मुरू दिला. मग सगळे नट फक्त अर्धा ते एक आटा सैल केले. पूर्ण काढले नाहीत, ही गोष्ट फार महत्त्वाची. गाडी जॅकवरून खाली घेतली. सपाट जागेवर अगदी हळू हातभर पुढे, हातभर मागे नेली, स्टिअरिंग डावीउजवीकडे वळवलं, ब्रेक दाबला. एका चाकाचा 'टक्' असा आवाज आला, मग दुसऱ्याचा. गाडीचं वजनच गंज फोडतं. मागचं एक चाक तरीही सुटेना, तेव्हा गाडी स्टँडवर घेऊन, नट सैलच ठेवून, टायरच्या आतल्या बाजूनं लाकडी ठोकळा लावून त्यावर हातोडा मारला, थोडा वरून, चाक फिरवून पुन्हा समोरच्या बाजूनं. नुसत्या जॅकवर गाडी असताना हे करू नका. हिसक्यानं जॅक कलंडतो आणि खाली माणूस असेल तर जीव जातो.

गॅसच्या ज्योतीबद्दलही सांगते, कारण आम्हाला तिचीच भीती दाखवून लांब बसवलं होतं. टायर चढवलेल्या चाकाला ज्योत लावायचीच नसते. आतला रबर तापून वायू तयार होतो आणि टायर फुटतं, कधी कधी ज्योत बंद केल्यावर काही वेळानं. बेअरिंगमधलं ग्रीस आणि सील जळतं ते वेगळं. कुणी तुमच्या गाडीपाशी ज्योत पेटवायला लागला तर तिथेच थांबवा.

बेअरिंग खरंच गेलंय का, हे रस्त्याकडेलासुद्धा बरंचसं कळतं. गाडी सपाट जागी, दुसऱ्या चाकांना दगड लावून, न्यूट्रलमध्ये ठेवा, चाक जमिनीपासून वर उचला आणि हातानं फिरवा. धरलेलं चाक हबसकट फिरतं. जाम झालेलं बेअरिंग फिरूच देत नाही किंवा खरखर करतं. मग चाक वर आणि खाली धरून हलवा, खटखट ढिलेपणा जाणवतो का बघा. गेलेलं बेअरिंग आधी बरेच दिवस चालत्या गाडीत घूं घूं असा आवाज करतं, वेगाबरोबर वाढणारा. चाक मोकळं फिरतंय, ढिलं नाही, आवाज कधी आला नाही, आणि तरी समोरचा माणूस बेअरिंग गेलं म्हणत असेल, तर तो खोटं बोलतोय. गॅरेजात काम होताना समोर उभं राहू देत नसतील, जुना पार्ट हातात देत नसतील, तर काम सुरू होण्याआधीच गाडी बाहेर काढा. राष्ट्रीय महामार्गावर अडकलात तर 1033 हा मदतीचा क्रमांक आहे.

चाकं निघाल्यावर मिस्त्रींनी हबची कड आणि चाकाचं भोक तारेच्या ब्रशनं घासलं, आणि हबच्या त्या गोल कडेवर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवला. बोल्टांना आणि चाक जिथे टेकतं त्या सपाट भागाला ग्रीस नाही, डिस्कला तर नाहीच. नट आधी हातानं लावले, मग समोरासमोरचे आवळत गेले, शेवटी ठरलेल्या जोरानंच आवळणाऱ्या टॉर्क पान्यानं. लहान गाड्यांना हा आकडा 100 न्यूटन मीटरच्या आसपास असतो, नेमका आपापल्या गाडीच्या पुस्तकात बघा. शंभरेक किलोमीटर चालवून नट पुन्हा तपासून घ्यायला सांगितलं. समुद्राजवळच्या गाडीची चाकं दर पावसाळ्यानंतर एकदा उतरवून साफ करून घ्यावीत, असंही ते म्हणाले. अण्णांनी ते लगेच आपल्या डायरीत लिहून घेतलं.

पैशांसाठी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवली. गॅरेजकडून उत्तर आलं नाही, म्हणून आता कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज केलाय. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, गॅरेज आहे त्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात खेटे घालावे लागत नाहीत. कामासाठी आपण मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, आणि घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. अर्जाला तो साधा कागद, यूपीआयची नोंद, बेअरिंगचा फोटो, एक्सल नटाचे जवळून काढलेले फोटो आणि मिस्त्रींनी सहीनिशी लिहून दिलेला जबाब जोडला आहे. तुमच्याकडेही असं एखादं बिल पडून असेल तर ते फेकू नका, आणि पुढचं काम करून घेण्याआधी त्या नटाचा फोटो तेवढा काढून ठेवा. नट एकदा उघडला की पुरावा गेला.