सोलापूरचे ऊन, वळवाचा पाऊस आणि जाळीचे रायडिंग जॅकेट: दोन उन्हाळ्यांच्या वापरानंतर

माझ्या मोटारसायकलच्या जॅकेटबद्दल केलेल्या तक्रारीला गेल्या आठवड्यात विक्रेत्याचे उत्तर आले. जॅकेटच्या आतले रेन लायनर, म्हणजे पाऊस अडवणारे सुटे अस्तर, ही ‘ॲक्सेसरी’ आहे, त्यामुळे त्याच्या शिवणीतून पाणी येऊ नये म्हणून लावलेली पट्टी सुटली तरी ती वॉरंटीत बसत नाही, असे त्यात म्हटले आहे. जॅकेट विकताना मात्र ‘ऊन आणि पाऊस, दोन्हींना एकच’ असे सांगूनच पैसे घेतले होते. लायनर नसलेले त्याच दर्जाचे जॅकेट तेव्हा दोन हजारांनी स्वस्त मिळत होते. म्हणजे ज्या वस्तूसाठी मी जादा पैसे मोजले, नेमकी तीच आता हिशेबात धरली जात नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे आणि ती अजून निकाली निघालेली नाही, म्हणून ब्रँडचे व दुकानाचे नाव येथे लिहीत नाही. जाळीचे कापड, खांद्याला व कोपराला लेव्हल २ चे आर्मर (पडल्यावर आघात झेलणारे पॅड; लेव्हल २ हा लेव्हल १ पेक्षा वरचा दर्जा), आत चेनने जोडायचे सुटे लायनर आणि नऊ हजारांच्या आसपासची किंमत, हा प्रकार आता सर्वांच्या परिचयाचा आहे. पुढचा बहुतेक मजकूर अशा कोणत्याही जॅकेटला लागू पडेल.

आधी उन्हाविषयी. आमच्या ग्रुपच्या जेवणाच्या राइड रविवारी सकाळी जरा उशिरानेच निघतात आणि भर दुपारी परततात: अक्कलकोट, तुळजापूर, नळदुर्ग, क्वचित विजयपूर. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, यात आपल्याला नवल नाही. पहिल्या महिन्यात माझे मत असे झाले होते की जाळीचा काहीही उपयोग नाही, कारण ऐंशीच्या वेगातही आत शिरणारा वारा भट्टीच्या तोंडाशी उभे राहिल्यासारखा लागत असे. त्याचे कारण सरळ आहे. त्वचेचे तापमान साधारण ३५ अंश असते. त्याहून गरम वारा अंगाला निववत नाही, तापवतो, आणि मग घाम वाळताना मिळेल तेवढाच गारवा हाती राहतो. ग्रुपमधल्या एका ज्येष्ठ काकांनी मला सांगितले, “अहो, सुती बनियन भिजवा, पिळा, अंगात घाला आणि वर जॅकेट चढवा. मग बोला.” त्या दिवसापासून माझे मत पालटले. आपली मे महिन्याची हवा कोरडी असल्यामुळे ओल्या बनियनवरून जाणारा वारा चांगलाच गार लागतो. तुळजापूरच्या वाटेवर तामलवाडीचा टोलनाका येईपर्यंत बनियन बहुतेक वाळलेले असते. तेथे थांबून बाटलीतले पाणी गळ्यापाशी ओतले की पुढच्या टप्प्याची सोय होते. याच कारणाने उन्हाळ्यात जॅकेट काढून नुसत्या टी-शर्टवर गाडी चालवणाऱ्यांपेक्षा मी आता अधिक सुखाने जेवणाच्या ठिकाणी पोहोचतो, हे मी जबाबदारीने लिहीत आहे.

पावसाचे मात्र तसे नाही. यंदाच्या मे महिन्यात आम्ही हैदराबाद रस्त्याने नळदुर्गला गेलो होतो. सकाळी आभाळ निरभ्र होते. किल्ल्यात बोरी नदीच्या बंधाऱ्यातला पाणीमहाल पाहिला (नर-मादी धबधबे या दिवसांत कोरडेच असतात), धाब्यावर मटण, कडक भाकरी आणि शेंगाचटणी असे जेवण झाले आणि आम्ही निघालो. इटकळच्या परिसरात समोरचे आभाळ काळवंडले, आधी धुळीचा लोट आला आणि पाठोपाठ टपोरे थेंब पडू लागले. लीडने, म्हणजे सर्वांत पुढे असलेल्या रायडरने, डावा इंडिकेटर देऊन सर्वांना एका पेट्रोल पंपाच्या छताखाली घेतले, परंतु वारा इतका आडवा होता की छताखालीही पाऊस मारत होता.

ज्यांच्याकडे साधे रेनकोट होते त्यांनी ते जॅकेटवरूनच चढवले आणि ते मोकळे झाले. मला मात्र आधी जॅकेट काढावे लागले. लायनरची चेन गळ्यापाशी सुरू होऊन दोन्ही बाजूंनी पोटापर्यंत खाली जाते, आणि बाह्यांच्या टोकाशी फितीचे दोन बारीक फास आतल्या बटणांत अडकवायचे असतात, नाहीतर हात घालताना लायनरची बाही गोळा होऊन कोपरापाशी अडकते. बोटे ओली, जॅकेटची बाही घामाने उलटी झालेली आणि बटण शर्टाच्या कॉलरच्या बटणाएवढे! स्वीपला (ग्रुपच्या सर्वांत मागे) असलेला मुलगा जॅकेट धरून उभा राहिला, तेव्हा कुठे एक फास बसला. “काका, दुसरा राहू द्या, घाला तसंच,” तो म्हणाला. तोवर जाळी चिंब झाली होती.

माझा मुख्य आक्षेप येथेच आहे आणि तो चेनच्या दर्जाविषयी नसून लायनरच्या जागेविषयी आहे. आतले लायनर पाणी अडवते ते जॅकेट पूर्ण भिजल्यानंतर. बाहेरची जाळी, आर्मर आणि त्याखालचे अस्तर पाणी धरून ठेवतात, जॅकेट जड होते आणि पारा घसरला की तेच ओले कापड वाऱ्यात अंगाला थंडी भरवते. बाहेरचे खिसे लायनरच्या पलीकडे राहतात, त्यामुळे मोबाइल, पाकीट आणि आरसी बुक हे सर्व पावसाच्या बाजूला उरते. शिवाय वळीव काही आषाढातल्या झडीसारखा दिवसभर लागून राहत नाही. त्या दिवशी बोरामणीच्या पुढे रस्ता कोरडा ठणठणीत होता आणि ऊन पुन्हा तापले होते. अशा वेळी आतले लायनर अंगावर ठेवले तर घाम वाळायला वाटच उरत नाही, आणि काढायचे तर पुन्हा थांबून जॅकेट उतरवावे लागते. सकाळपासूनच घालून निघावे म्हटले तर ओल्या बनियनचा सारा उपाय वाया जातो. संततधार पावसाच्या प्रदेशात आतले लायनर कदाचित चालत असेल, परंतु तासाभरात ऊन, धूळ, पाऊस आणि पुन्हा ऊन असा क्रम असलेल्या आपल्या उन्हाळ्यात ते चुकीच्या बाजूला शिवलेले आहे.

पट्टी सुटल्याचे घरी आल्यावर दिसले. उजव्या खांद्याच्या शिवणीवरची पारदर्शक पट्टी बोटभर उचलली गेली होती आणि तिच्याखाली सुईची भोके ओळीने स्पष्ट दिसत होती. आपल्या शहरात गणवेशाच्या धंद्यामुळे हाताला वळण असलेले शिंपी पुष्कळ आहेत, म्हणून एका जुन्या कारागिराला ते दाखवले. “मालक, ह्याला शिलाई मारून उपयोग न्हाई, मारंल तेवढी भोकं वाढतील. ही पट्टी गरम करून दाबायची असती,” असे म्हणून त्यांनी पैसे न घेता ते परत दिले. लायनर उन्हात तापलेल्या सॅडल बॅगेत ठेवल्यामुळे पट्टीचा डिंक सुटला, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. राइडच्या दिवशी सुटे लायनर बॅगेत नाही ठेवायचे तर कोठे ठेवायचे, या प्रश्नाला अद्याप उत्तर आलेले नाही. उन्हाळ्याचे म्हणून विकलेल्या जॅकेटच्या भागाला ऊन सोसवत नसेल, तर तो दोष वापरणाऱ्याचा होत नाही.

एवढे होऊनही जॅकेट विकणार नाही. जाळी कोठे फाटलेली नाही, मुख्य चेन सुरळीत आहे आणि आतल्या लेबलवर ईएन १७०९२ या रायडिंगच्या कपड्यांच्या युरोपीय मानकाची ‘ए’ श्रेणी (‘एएए’ आणि ‘एए’ यांच्या खालची) आहे, जी उन्हाळी जाळीच्या जॅकेटला सहसा मिळते. पाठीला मात्र नुसता फोम होता. तो काढून लेव्हल २ चे पॅड बसवले. ईएन १६२१-२ या पाठीच्या पॅडच्या मानकानुसार आघाताच्या चाचणीत लेव्हल २ च्या पाठीच्या पॅडमधून सरासरी ९ किलोन्यूटनपेक्षा अधिक बल आत जाता कामा नये, तर लेव्हल १ ला ही मर्यादा १८ आहे. त्यामुळे जो काही जादा खर्च करायचा असेल तो लायनरवर न करता येथे करावा.

पावसासाठी आता दीड हजारांचा दोन भागांचा साधा रेनकोट घेतला आहे. तो जॅकेटवरून चढतो, खिसे झाकतो आणि ऊन पडले की सिग्नलवर उभ्याउभ्या निघतो. घेताना दुकानात जॅकेट अंगात घालूनच मापाला बसवावा, आणि हँडल धरल्यासारखे हात पुढे करून मनगट उघडे पडत नाही ना, हे पाहावे. आर्मरमुळे नेहमीच्या मापापेक्षा दोन माप मोठा लागतो.