जुन्या लोखंडी टोपाला जवसाचं तेल की मेण?

फौजी टोप, म्हणजे शिपायाचं लोखंडी हेल्मेट, धुऊन झाला, सैल गंज मऊ ब्रशने काढला, आतली गादी सोडवून बाजूला ठेवली, इथवर तुम्ही आलाच असाल. मूळ रंगाला पॉलिश पेपर लावायचा नाही आणि वरून नवा रंग मारायचा नाही, हेही तुम्हाला सांगायला नको. अडतं ते याच्या पुढे. मिरग लागायच्या आत त्याच्यावर फिरवायचं काय? मी चार वर्षं जवसाचं तेल लावलं आणि आता सहा वर्षं झाली, मेण लावतो. दोन्ही चालतं. पण का बदललं ते सांगतो, मग तुमचं तुम्ही बघा.

माझ्याकडे तीनच टोप आहेत, त्यामुळे मोठ्या संग्रहाचा अनुभव म्हणून हे वाचू नका. दोन ब्रिटिश मार्क टू, म्हणजे 1938 पासूनचा तो परातीसारखा पसरट प्रकार, आणि एक अमेरिकन एम वन, 1941 चा नमुना. एम वन नागपूरच्या एका कबाड्याकडून घेतला. मार्क टूपैकी एक मात्र गावातलाच. आमच्या गल्लीतल्या काकांच्या गोठ्यात तो उताणा पडलेला असायचा आणि कोंबड्या त्यात पाणी प्यायच्या. काकांचे वडील महार रेजिमेंटमध्ये होते. 1941 मध्ये रेजिमेंटची पहिली पलटण बेळगावात उभी राहिली आणि दुसरी आपल्या कामठीत, त्या दुसऱ्या पलटणीतले ते. काका स्वतःही फौजेतून निवृत्त. टोप माझ्या हातात देताना त्यांनी एकच बजावलं, "तेल देत जा त्याले, मास्तर. बंदुकीच्या दस्त्याले आम्ही जवसाचंच तेल देत होतो."

दस्ता लाकडाचा आणि टोप पोलादाचा, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. काकांच्या तोंडून आलेलं, शिवाय जवस आपल्याच मातीतलं. घाणीवरून आणलेलं तेल घरात होतंच, चटणीचं जवस ज्या शेतातलं त्याच शेतातलं.

आणि खरं सांगायचं तर तेल लावल्यावर टोप दिसतो फार सुंदर. उन्हाने फिकट पडलेला खाकी रंग एका हातात जिवंत होतो. कोंबड्यांनी टोचून टोचून जिथे धातू उघडा पडला होता तिथेही काळसर, दमदार छटा आली. मेणाला हे जमत नाही. पहिल्या दिवशी दोन टोप शेजारी ठेवले तर शंभरातले नव्वद जण तेलाच्या टोपाकडेच बोट दाखवतील, मीही दाखवलं असतं.

अडचण पहिल्या दिवसाची नाहीच. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून सुकत नाही. ते हवेतला प्राणवायू घेत घेत घट्ट होतं आणि त्याची पातळ कातडी बनते. घाणीच्या कच्च्या तेलाला या कामाला कितीतरी दिवस लागतात. पेंटच्या दुकानातलं डबल बॉइल्ड घेतलं तर लवकर होतं, तरी तेही रातोरात नाही. तेवढे दिवस टोप चिकट राहतो. आता हे आपल्याकडे, हिंगणघाटच्या बाजूला, कुठे होतंय ते लक्षात घ्या.

त्या वर्षी मला उन्हाळ्यात वेळ झाला नाही, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तेलाचा हात दिला, जरा सढळच दिला. दोन दिवसांनी वेचणीचा कापूस घरात येऊन पडला. भाव नव्हता, म्हणून मधली खोली छताला टेकेपर्यंत भरली. टोप त्याच खोलीच्या फळीवर. आठवड्याने काढून बघतो तर टोपाला पांढरी दाढी! घुमटावर, कडेवर, आतून, सगळीकडे रुईचे बारीक तंतू बसलेले आणि त्यांच्यावर धूळ. चिमट्याने एकेक तंतू ओढत बसलो. बाहेरून बरंचसं निघालं. कडेच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात हाताने लिहिलेला पाच आकडी नंबर होता. तिथला एक तंतू ओढला आणि त्याच्यासोबत रंगाचा पापुद्रा वर आला. शेवटचा आकडा गेला. तो तीन होता की आठ, हे आता मलाही शपथेवर सांगता येणार नाही, कारण फोटो काढून ठेवायची अक्कल तेव्हा नव्हती.

दोष तेलाचा की माझा? बराचसा माझाच. टोप बंद कपाटात ठेवला असता, तेल पुसून अगदी पातळ केलं असतं, तर कदाचित निभावलं असतं. पण ज्या घरात दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत रुई उडते तिथे चिकट वस्तू सांभाळत बसणं माझ्याच्याने झालं नाही. शिवाय एकदा घट्ट झालेली ती कातडी टर्पेंटाइनलाही नीट दाद देत नाही. वर्षावर वर्षं थर चढवले तर रंग पिवळट, मग तपकिरी व्हायला लागतो आणि माघारी फिरायची वाट उरत नाही.

जाता जाता एक, पण हे गंमत म्हणून वाचू नका. जवसाच्या तेलात भिजलेली चिंधी चोळामोळा करून टाकली तर ती घट्ट होताना स्वतःच तापते आणि पेट घेऊ शकते. मी एकदा अशी गोळा करून टाकलेली चिंधी हातात घेतली तर ती चक्क कोमट लागली, तीही कापसाच्या खोलीच्या दारात. तेल वापरणारच असाल तर चिंधी बाहेर तारेवर एकपदरी वाळत घाला, नाहीतर पाण्यात बुडवा.

आता मेण. मी म्हणतो ते मायक्रोक्रिस्टलाइन मेण, म्हणजे खनिज तेलापासून काढलेलं बारीक कणांचं, संग्रहालयवाले वापरतात ते. रेनेसान्स वॅक्स नावाने मिळणारं मेण मूळचं ब्रिटिश म्युझियममध्ये तयार झालेलं. छोटा डबा 65 मिलीचा येतो आणि किंमत बघून घरची माणसं तुमच्याकडे बघतात. त्या पैशात जवसाचं तेल वर्षभर पुरेल. कुरियर गावापर्यंत येत नाही, तालुक्याला जाऊन आणावं लागतं. पण डबा संपतही नाही. दोन टोप, दरसाल एक हात, तरी माझा पहिला डबा अजून तळाला गेलेला नाही.

मेणाची खरी कटकट वेगळीच आहे. या टोपांचा रंग मुद्दाम खरबरीत केलेला असतो, चमकू नये म्हणून. एम वनच्या रंगात तर बुचाचा चुरा आहे. मेण जाड लागलं की त्या खरबरीत खळग्यांत बसून पांढरं दिसतं, टोपाला पिठाचा हात लागल्यासारखं. पहिल्या वेळी मी वैतागून डबा फेकायच्याच बेतात होतो. उपाय मात्र आपल्याकडे फुकट आहे. वैशाखातल्या उन्हात टोप, आतली गादी काढून, दहा मिनिटं ठेवायचा. हाताला चांगला गरम लागला की सावलीत आणून कापडाच्या टोकावर वाटाण्याएवढं मेण घेऊन फिरवायचं. ते आपोआप खळग्यांत उतरतं. गार झाल्यावर बुटाच्या स्वच्छ, मऊ ब्रशने घासायचं. हात लावला तर कोरडा. धूळ बसते, पण फुंकर मारली की उडते. रुईचंही तसंच. नको वाटलं तर व्हाइट स्पिरिटने, म्हणजे पेंट पातळ करायच्या द्रवाने, मेण उतरतं, खालचा रंग होता तसा राहतो. वर्षातून तासाभराचं काम आहे.

मेळघाटातलं मधमाश्यांचं मेण मीही करून पाहिलं. वास छान, पण 46 अंशांत बोट ठेवलं की ठसा उमटायचा आणि एम वनच्या पट्ट्याच्या पितळी बकलाभोवती हिरवा थर धरला. त्यातलं आम्ल पितळेला मानवत नाही. तेलानेही हेच होतं. गाडीच्या पॉलिशचं नाव काढू नका, त्यात बहुधा घासणारी पूड असते.

तेल पूर्णपणे हद्दपार करा, असं मात्र मी म्हणणार नाही. माझा दुसरा मार्क टू कबाडातून आला तेव्हा त्याच्यावर रंगच नव्हता, नुसती खड्डे पडलेली तांबूस टरफलं. त्याच्यावर जपायला काही नव्हतं. तो ओसरीत खुंटीला असतो, पावसाची झड लागते, म्हणून त्याला डबल बॉइल्ड तेल लावलं आणि अजून बरा आहे. उघड्यावर टांगायचा टोप असेल तर तेलाची कातडी मेणापेक्षा चिवट, हे मान्य.

काही जण म्हणतात की याला चुंबक चिकटत नाही, मग हा गंजेल कशाला? मॅंगनीज पोलाद आहे, चुंबकाला दाद देत नाही हे खरं, पण गंजतं. हवेतली ओल साठ टक्क्यांच्या वर गेली की सुरुवात होते आणि आपल्याकडे श्रावणात ती किती असते ते पापड ठेवलेल्या डब्याला विचारा. एम वनची सुरुवातीची कडपट्टी स्टेनलेसची, ती गंजत नाही, पण तिच्यावर रंग टिकत नाही. सुटत आलेल्या त्या रंगावर तेलाची चिंधी फिरवू नका एवढं नक्की. गरम मेण बोटाने टेकवत गेलात तर बरंच वाचतं. निदान माझं वाचलं.

मागच्या पोळ्याला काका आले होते. टोप फळीवरून उतरवून त्यांनी घुमटावरून बोट फिरवलं, बोट उलटं करून पाहिलं. कोरडं.

"तेल नाही दिलं वाटतं औंदा?"

"दिलं ना काका. जिरलं."

त्यांनी कड उलटी केली, नंबर मोठ्याने वाचला, चारच आकडे, आणि टोप परत फळीवर ठेवला.