टेलर यांचा ग्लिसरीनचा प्रयोग: दांडिया बाजारात मिळणारं किट

द्रवांच्या प्रवाहाचा अभ्यास करणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलर (1886–1975) म्हणजे तर्काचं बीजगणित मांडणारे गणितज्ञ जॉर्ज बूल यांचे नातू. 1913 मध्ये हिमनगांवर पाळत ठेवणाऱ्या 'स्कॉशिया' जहाजावर ते हवामानतज्ज्ञ होते. 1923 मध्ये त्यांनी फिरत्या दंडगोलांमधल्या द्रवाचं स्थैर्य गणिताने मांडलं. पुढे बोटीचा नांगरही घडवला. असं हात आणि डोकं सारखंच चालवणारं गणित मला फार प्रिय आहे.

वडोदऱ्यातलं हे किट त्यांचाच दुसरा प्रयोग दाखवतं: दोन ॲक्रिलिक नळ्या, मध्ये ग्लिसरीन, त्यात रंगाचा ठिपका. आतली नळी सावकाश चार वेळा फिरवा, ठिपका पार पुसला जातो. तितकीच उलटी फिरवा, तो परत जमतो, कडा जराशा धूसर. अंगावर काटा येतो!

पण रंग पाण्यात कालवू नका, तो वर तरंगतो. ग्लिसरीनमध्येच कालवा आणि लांब सुईने सोडा. भरल्यावर बुडबुडे जाईपर्यंत रात्रभर ठेवा. पावसाळ्यात झाकण घट्ट हवं: ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं आणि दहा टक्के पाण्यानेच दाटपणा साधारण एक षष्ठांशावर येतो. किटचं झाकण मात्र सैल आहे, रबरी वॉशर वेगळा घ्यावा लागतो.