कोथरूडमधलं घरगुती पाळणाघर: पाचपैकी चार स्टार, आणि बाकीचे दोन पर्याय का सोडले

आधीच सांगते, नाव लिहीत नाहीये. ते चालवणाऱ्या काकूंनी स्पष्ट सांगितलंय की जागा नाही आणि उगाच फोन नकोत. पण पुण्यात कोथरूड, कर्वेनगर, वारजे या पट्ट्यात अशी घरगुती पाळणाघरं बरीच आहेत आणि ती बघायला गेल्यावर नेमकं काय बघायचं हे कोणी धड सांगत नाही, सगळे नुसतं "व्हाइब बघ" म्हणतात, म्हणून हा प्रपंच.

आमची परिस्थिती अशी की लेक सव्वा वर्षाची, आम्ही दोघंही हिंजवडीला नोकरीला, आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जावंच लागतं. 26 आठवड्यांची भरपगारी रजा कधीच संपली, त्यापुढे घेतलेली बिनपगारी पण संपली. सासूबाईंचे गुडघे दुखतात, आई सांगलीला. म्हणजे पाळणाघरच.

पहिला पर्याय ऑफिसचा. मातृत्व लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीनंतर 50 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला पाळणाघराची सोय द्यावी लागते आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येतं. आमच्या कंपनीचं कॅम्पसजवळच्या एका डेकेअरशी टाय-अप आहे, कंपनी फी पण बरीचशी भरते, कागदावर एकदम मस्त. पण कोथरूडहून पोरीला कार सीटमध्ये बांधून चांदणी चौक, मग हायवे, मग वाकडच्या पुढची ती रांग, हे रोज जाताना आणि येताना? चांदणी चौकाचा नवा पूल झाल्यापासून तिथला भाग जरा सुटसुटीत झालाय, पण हिंजवडीच्या तोंडाशी जे व्हायचं ते होतंच, त्यात पाऊस असला की बोलायलाच नको. आणि वर्क फ्रॉम होमच्या दोन दिवशी काय करायचं, फक्त तिला सोडायला हिंजवडी गाठायची? बाद. ज्यांचं घर वाकड-बाणेरला आहे त्यांनी मात्र आधी हेच बघा.

दुसरं एका मोठ्या चेनची शाखा. एसी, मऊ मॅट, भिंतीवर जिराफ, ॲपवर लाइव्ह कॅमेरा. फी काकूंच्या दुपटीला टेकलेली, वर ॲडमिशन फी वेगळी, डिपॉझिट वेगळं. सेंटर हेड मॅडमनी अर्धा तास करिक्युलम समजावला, सव्वा वर्षाच्या मुलीचा, जी अजून चप्पल तोंडात घालते. मी विचारलं डायपर कोण बदलतं? "आमच्या ट्रेन्ड केअरगिव्हर." त्या इथे कधीपासून आहेत? यावर उत्तर गोलगोल. बाहेर गेटपाशी एका आईशी बोलले तर ती म्हणाली दिवाळीपासून ही तिसरी मावशी. मला तिथेच नको वाटलं. या वयात मूल भिंतीवरच्या जिराफाला सरावत नाही हो, माणसाला सरावतं, आणि ते माणूस दर दोन महिन्यांनी बदलणार असेल तर रोजची रडारड नव्याने.

कॅमेऱ्याबद्दल पण बोलतेच. 2016 मध्ये खारघरच्या पाळणाघरात 10 महिन्यांच्या बाळाला मारहाण झाली ते आठवत असेल, तिथेही कॅमेरा होता. सगळं त्यात दिसलं, पण नंतर. कॅमेरा असू नये असं मी म्हणत नाही, पुरावा म्हणून हवाच, पण ॲपवर लाइव्ह दिसतं म्हणून निर्धास्त होऊ नका. माझी एक कलीग मीटिंगमध्ये एका कानाने ऐकते आणि एका डोळ्याने ॲप बघते, तिचं दोन्हीकडे लक्ष नसतं.

आता काकूंचं. तळमजल्यावरचा फ्लॅट, काकू स्वतः आणि दोन मावश्या, मुलं दहा-बारा. केंद्र सरकारच्या पाळणाघरांसाठीच्या 2018 च्या गाइडलाइन्समध्ये तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक ट्रेन्ड बाई आणि मदतनीस असं प्रमाण आहे. मला स्वतःला तेही जास्तच वाटतं, दहा रांगती पोरं दोघींनी सांभाळून दाखवा. ट्रेनिंगचा कागद इथे कोणाकडे नाही, पण हात जास्त आहेत.

मी गेले तेव्हा आधी बाथरूम बघितलं. बादल्या उपड्या घातलेल्या, पिंप झाकलेलं, म्हणजे मूल पाण्यात पडायची भीती नाही. इथेच अर्धा निर्णय झाला. स्वयंपाकघराला अर्धं दार आहे, खिडक्यांना जाळी. झोपायला दोन झोळ्या आणि बाकीच्यांना खाली गाद्या. मोठ्या मावशींचं पोलीस व्हेरिफिकेशन झालंय का विचारलं तर काकूंना जरा लागलं, "अगं ती माझा नातू व्हायच्या आधीपासून आहे माझ्याकडे", पण आतून फाइल आणून दाखवली. ते कितीही अवघड वाटलं तरी विचाराच.

जेवण दुपारी मऊ वरणभात-तूप, चारला शिरा किंवा उपमा नाहीतर केळं. घरी भाताला तोंड न लावणारी आमची लेक तिथे ताट पुसून खाते, का ते मला विचारू नका. पहिला आठवडा अर्धाच दिवस ठेवायचं आणि पळून जायचं नाही, टाटा करूनच निघायचं हा काकूंचा नियम, कितीही रडली तरी. मावशी कडेवर घेऊन पारिजातकाखाली नेतात, आणि तोवर आपण रिक्षात बसून डोळे पुसतो.

एक स्टार का कापला? पाचनंतर टीव्ही लागतो. "बातम्या बघतो गं, मुलं कुठे बघतात" असं काकू म्हणतात, पण मुलं बघतात. पावती मिळत नाही, त्यामुळे ऑफिसच्या चाइल्डकेअर अलाउन्सवर पाणी. काकू गावाला गेल्या की पाळणाघर बंद, दोन दिवस आधी मेसेज येतो, मग आमच्यात कोण रजा टाकणार यावर भांडण. साडेसहाची वेळ उलटली तर त्या "असू दे" म्हणतात पण चेहरा वेगळं सांगतो, आणि त्यांचं बरोबरच आहे.

आजारपणाचं मी धरत नाही, ते कुठेही होणारच. पावसाळ्यात हँड-फूट-माउथ (हातापायांवर आणि तोंडात फोड येणारा संसर्गजन्य आजार) एकाला झालं की रांगेने सगळ्यांना. काकूंकडे ताप असेल तर आणायचं नाही आणि औषधाशिवाय पूर्ण दिवस ताप नसेल तरच परत, हे कडक आहे. क्रोसिन पाजून सोडून जाणाऱ्या एका बाबांना त्यांनी दारातूनच परत पाठवलेलं मी बघितलंय. मागचे दोन महिने माझ्या सुट्ट्या तिच्या सर्दीतच गेल्या, तेव्हा जॉइन होतानाच मॅनेजरला हे सांगून ठेवा.

फी महिन्याला 9,000, डायपर आपले. जागा हवी असेल तर मार्च-एप्रिलमध्ये विचारून ठेवा, जूनमध्ये मोठी मुलं शाळेत जायला लागली की घरगुती पाळणाघरांत एखाद-दुसरी जागा होते.