इतिहास-भूगोलासाठी घेतलेला डिजिटल संच: वर्षभराचा अनुभव

कोल्हापूर शहरातील आमच्या माध्यमिक शाळेने गेल्या जूनमध्ये आठवी ते दहावीच्या सामाजिक शास्त्रांसाठी एका कंपनीचा डिजिटल संच घेतला. भिंतीवर बसवलेला मोठा टच पॅनेल, त्याला जोडलेला संगणक आणि प्रत्येक पाठाची चित्रफीत व प्रश्नसंच असलेले सॉफ्टवेअर असे त्याचे स्वरूप आहे. दोन्ही सत्रे तो मी स्वतः वापरला असल्याने, खरेदीच्या विचारात असलेल्या शाळांसाठी हा अनुभव लिहीत आहे.

यंत्राविषयी तक्रार नाही. शेवटच्या बाकावरून नकाशातील नावे वाचता येतात, आवाज पुरेसा आहे आणि वर्षभरात दुरुस्तीसाठी कोणाला बोलवावे लागले नाही. तक्रार आहे ती आतल्या मजकुराविषयी. बहुतेक चित्रफितींत पाठ्यपुस्तकातीलच वाक्ये एक निवेदिका वाचून दाखवते आणि मागे चित्रे सरकत राहतात. मुले पहिला आठवडा कुतूहलाने पाहत होती. नंतर मागच्या बाकांवर गणिताच्या वह्या उघडू लागल्या, आणि त्यांना फार दोष देता येईल असे मला वाटत नाही.

राजर्षी शाहू महाराजांवरील चित्रफितीचेच उदाहरण घेऊ. 26 जुलै 1902 ही तारीख, दरबाराचे रंगीत चित्र, ‘50 टक्के आरक्षण’ हे शब्द, की लगेच पुढचा प्रश्न: आदेश कोणत्या वर्षी निघाला? पर्याय चार. वास्तविक त्या आदेशात शिकवण्यासारखे बरेच काही आहे. आदेशानंतर रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागास वर्गांतून भराव्यात, ज्या कचेरीत त्यांचे प्रमाण निम्म्याहून कमी असेल तेथे पुढची नेमणूक त्यांच्यातूनच व्हावी आणि खातेप्रमुखांनी नेमणुकांचे त्रैमासिक विवरण सादर करावे, असे त्यात म्हटले होते. ज्या करवीर म्हणजेच कोल्हापूर संस्थानात हे घडले, त्याच गावातील मुलांना यातले काहीही कळत नाही. शेवटी मी चित्रफीत बंद केली आणि पॅनेलवर एक्सेलचा कोरा तक्ता उघडला. दहा जागांची एक काल्पनिक कचेरी घेतली, तीत मागास वर्गातील कर्मचारी एकच आणि दरवर्षी एक जागा रिकामी होणार असे धरले. निम्मे प्रमाण गाठायला चार वर्षे लागतील, असा हिशेब मुलांनी पटकन मांडला. त्यावर एका मुलाने विचारले, “आणि सर, निवृत्त होणारा नेमका तोच एक असला तर?” तक्ता पुन्हा भरावा लागला, पण त्रैमासिक विवरण कशासाठी मागितले असेल, याचे उत्तर वर्गाने स्वतःहून दिले.

भूगोलाची स्थिती थोडी बरी आहे. दहावीला भारत आणि ब्राझील यांची तुलना आहे. त्यासाठी संचातील हवामानाचे आलेख व लोकसंख्येचे नकाशे स्वच्छ आणि वापरण्याजोगे आहेत. मात्र जिल्ह्याचा भूगोल त्यात जवळजवळ नाही. पंचगंगेचा उल्लेख एकदा येतो, तोही कृष्णेच्या उपनद्यांच्या यादीत.

ही उणीव आम्ही गूगल अर्थ आणि इस्रोचे भुवन या उपग्रहचित्रे दाखवणाऱ्या दोन विनामूल्य साधनांनी भरून काढली. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी वर्तमानपत्रात रोज येते. नववीची मुले ती घाटमाथ्यावरील गगनबावड्याच्या पावसाच्या आकड्यांसह तक्त्यात भरत असत. 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी अशा दोन आडव्या रेषा आलेखावर ओढल्या. गगनबावड्याला कोसळलेला पाऊस बंधाऱ्यावर लगेच दिसत नाही, मध्ये काही काळ जातो, हे मुलांनी आलेखावर बोट ठेवून दाखवले. मग कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी कोठून कोठे येते, ते गूगल अर्थवर पाहत त्यांच्या संगमावरील प्रयाग चिखली या गावापर्यंत आलो. तेथे राहणारी एक मुलगी उठून पॅनेलजवळ गेली, बोटांनी चित्र मोठे करत गेली आणि ओरडली, “सर, आमचं छप्पर दिसायलंय!” 2019 आणि 2021 च्या महापुरांच्या आठवणी या वर्गातील अनेकांच्या घरी आहेत. घर ते नदीपात्र हे अंतर तिने मोजपट्टीने मोजले, गावाची समुद्रसपाटीपासूनची उंचीही पाहिली आणि मग विचारले, की 43 फूट म्हणजे नेमके कोठून मोजायचे. बंधाऱ्यावरील मोजपट्टीचा शून्य आणि समुद्रसपाटी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजावण्यात उरलेला तास गेला. संचाच्या प्रश्नसंचात या जातीचा एकही प्रश्न मला सापडला नाही.

आणखी एक गैरसोय सांगितली पाहिजे. पाठ संगणकातच साठवलेले असले, तरी सॉफ्टवेअर सुरू होताना प्रत्येक वेळी इंटरनेटवरून परवाना तपासते. जोडणी नसेल तर काहीच उघडत नाही. विक्रीच्या वेळी हे कोणी सांगितले नव्हते. विचारणा केल्यावर ‘पुढच्या आवृत्तीत बदल होईल’ एवढेच उत्तर मिळाले.

सध्या वार्षिक वर्गणीच्या नूतनीकरणाचे पत्र आले आहे. पॅनेल राहू द्यावा, वर्गणी भरू नये आणि त्या रकमेतून इन्व्हर्टरसाठी चांगली बॅटरी घ्यावी, असे मी मुख्याध्यापकांना लिहून दिले आहे. कारण आमच्याकडे पुराचा तास पावसाळ्यातच असतो आणि वीजही तेव्हाच जाते.