‘जैविक’ म्हणून घेतलं, घरात काय आलं ते वाचा

हे लिहायला उशीर झालाय, पण ज्याने मला ‘जैविक’ म्हणून खोटं खत आणि औषध विकलं, तोच माणूस आता सावदा-फैजपूरकडे गिऱ्हाईक शोधत फिरतोय असं परवा कानावर आलं म्हणून आज बसलेच लिहायला. नाव टाकत नाहीये. पद्धत सांगते, म्हणजे ओळखाल.

आम्ही भुसावळला राहतो. घरामागे दीड गुंठा जागा, नुसतं गवत वाढायचं. सासूबाईंचं मागच्या वर्षी मोठं आजारपण झालं तेव्हाच मी मनाशी ठरवलं की घरापुरती भाजी तरी बिनफवारणीची पिकवायची. माझं माहेर कपाशीवाल्यांचं पण मी स्वतः कधी वाफासुद्धा केलेला नाही, त्यामुळे कुणीतरी हाताला धरून शिकवणारं हवं होतं, आणि नेमका ओळखीतून हा माणूस आला. बोलायला इतका गोड की काय सांगू, पहिल्याच भेटीत सासूबाईंच्या पाया पडला. म्हणाला ताई तुम्ही काहीच करू नका, माती, गांडूळ खत, गांडुळं, रोपं, ठिबक, औषध सगळं माझं, वर एका महिन्यात तुमच्या प्लॉटला ऑरगॅनिकचं सर्टिफिकेट काढून देतो, उरलेली भाजी कॉलनीत दुप्पट भावाने जाईल. मोबाईलवर ‘इंडिया ऑरगॅनिक’चा शिक्का असलेलं एक सर्टिफिकेट पण दाखवलं. मी झूम करून वाचलं नाही. नंतर कळलं की ते दुसऱ्याच कुणाच्या केळीच्या पिकाचं होतं.

आणि महिन्यात सर्टिफिकेट हे मुळात होतच नाही. राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात भाजीसारख्या हंगामी पिकाला साधारण दोन वर्षं रूपांतराचा (रसायनं सोडून सेंद्रियकडे वळण्याचा) काळ धरतात, केळी-लिंबासारख्या बहुवर्षीय पिकाला तीन वर्षं. हे एवढं जरी मला माहीत असतं तरी त्याला त्याच दिवशी दारातून परत पाठवला असता.

हिशोब असा झाला. गांडूळ खत ३० गोण्या, ४० किलोची एक, ३८० रुपये गोणी म्हणजे ११,४०० रुपये. ‘ऑस्ट्रेलियन’ गांडुळं ४ किलो २,४०० रुपये. रोपं आणि ठिबकच्या नळ्या ३,२००. दोन बाटल्या जैविक औषध १,५००. एकूण १८,५००, अर्धे ऑनलाइन आणि अर्धे रोख. बिल मागितलं तर म्हणे ताई बिल केलं की जीएसटी लागेल, तुमचेच पैसे वाचवतोय.

माल आला आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आठवड्यात. भुसावळचं ऊन तुम्हाला माहीत आहे, ४४-४५ च्या खाली पारा येत नाही. गांडुळं त्याने प्लास्टिकच्या टबात आणून दिली आणि सांगितलं सावलीत ठेवा, गोणपाट ओलं ठेवा. मी दिवसातून चार वेळा पाणी शिंपडत होते. तिसऱ्या दिवशी टबाजवळ जाववेना इतका वास, सगळी मेलेली. खताची ही गांडुळं ३५ अंशाच्या वर तग धरत नाहीत, ज्याला या धंद्यातलं खरंच कळतं तो वैशाखात खान्देशात गांडुळं विकणारच नाही, पावसाळा लागू द्या म्हणेल. त्याने काय सांगितलं, ताई तुमच्या पाण्यात क्लोरीन असेल. आणि मी आठ दिवस स्वतःलाच दोष देत बसले.

खताची गोष्ट तर त्याहून वाईट. गोण्या काळ्याभोर, जड, ओलसर. वाफ्यात पसरलं, दोन दिवस ऊन लागलं आणि रंग राखाडी झाला. हात धुतले तर पाणी काळं आणि बोटांच्या रेषांत काळं बसलेलं, दुसऱ्या दिवशीपर्यंत जाईना. शेजारचे आबा, आयुष्य केळीत गेलेला माणूस, त्यांनी काचेच्या ग्लासात पाणी घेतलं, मूठभर ‘खत’ टाकलं, ढवळलं आणि कट्ट्यावर ठेवून दिलं. पंधरा मिनिटांनी ग्लासात खाली दोन बोटं रेती, त्याच्यावर राखेचा थर आणि वर निळसर काळं पाणी. चांगलं गांडूळ खत चहापत्तीसारखं रवाळ असतं, पहिल्या पावसाच्या मातीसारखा वास येतो, घाण वास अजिबात नाही, रेतीचा असा थर तर नाहीच नाही. आबांनी मग रिकामी गोणी उलटी केली. आतल्या बाजूला सरकी ढेपेची (गुरांच्या खाद्याची) छपाई! म्हणजे ढेपेच्या वापरलेल्या गोण्या उलट्या करून शिवलेल्या.

खत नियंत्रण आदेश १९८५ चा आहे, गांडूळ खतसुद्धा त्यात येतं. गोणीवर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, वजन, आत काय किती टक्के, हे छापलेलं पाहिजे. कोरी गोणी दिसली की तिथेच थांबा, भाव कितीही कमी असू द्या.

त्याला फोन केला तर लॉट बदलून देतो म्हणाला. आला नाही. तरी मी जिद्दीने आबांच्या गोठ्यातलं जुनं शेणखत घातलं आणि मृगानंतर रोपं लावली. रोपं बामणोदच्या भरताच्या वांग्याची म्हणून दिली होती. आपल्या जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, हिरवट पांढरं, मोठं, पातळ सालीचं, बिया कमी. माझ्या झाडाला लागली काळी जांभळी चकचकीत हायब्रीड वांगी. हेही सोडून दिलं असतं मी.

पण औषधाचं नाही सोडता येत. शेंडे सुकायला लागले, शेंडा आणि फळ पोखरणारी अळी होती, तर त्याच्या बाटलीतलं औषध ५ लिटरच्या हातपंपाला दोन झाकणं असं दर आठ दिवसांनी मारत गेले. बाटलीवर नुसतं हिरव्या पानाचं स्टिकर आणि ‘१००% हर्बल’. रिझल्ट इतका भारी की मी चार जणींना फोन करून सांगितलं. संध्याकाळी मारायचं, सकाळी अळी खाली पडलेली. भेंडी, गिलकी (घोसाळी), मिरची, सगळ्यावर तेच मारलं, आणि ती भेंडी मी रोज सासूबाईंना करून घालत होते, पथ्याची म्हणून.

ऑगस्टमधली एक सकाळ. गिलक्याच्या पिवळ्या फुलात मधमाशी पाय वर करून पडलेली. दुसऱ्या फुलात अजून एक. वांग्याच्या बुंध्याशी मुंग्यांचा सडा, आणि मावा खाणारे ते लाल ढालकिडे असतात ना, ते पण मेलेले. मी आबांना हाक मारली. त्यांनी बाटलीचं झाकण उघडून लांबूनच वास घेतला आणि म्हणाले, “हे निंबाचं नाही व माय, हे तर कपाशीवरचं औषध हाये.”

मग मी वास घेतला. आणि मला माझे वडील आठवले, पाठीवर पंप, संध्याकाळी शेतातून आले की अंगणातच आंघोळ करायचे, आई आम्हाला जवळ जाऊ द्यायची नाही. अगदी तोच वास. लहानपणापासून ओळखीचा वास आणि स्टिकरवर हर्बल लिहिलंय म्हणून दोन महिने मी त्याच्याकडे लक्षच दिलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही.

पंचायत समितीत कृषी अधिकाऱ्यांना बाटली दाखवली. त्यांनी नीट समजावलं की निंबोळीचं औषध असलं तरी ते विकायला कीटकनाशक कायदा १९६८ खाली नोंदणी लागते, लेबलवर नोंदणी क्रमांक, घटक आणि विषारीपणा सांगणारा रंगीत त्रिकोण असतो, लाल सगळ्यात जहाल आणि हिरवा सगळ्यात सौम्य. माझ्या बाटलीवर यातलं काहीच नव्हतं. आणि एक लक्षात ठेवा, निंबोळी अर्काने अळी एका रात्रीत मरून पडत नाही, ती खाणं सोडते, तिची वाढ थांबते, त्याला दिवस लागतात. सकाळी सगळं साफ दिसलं तर खुश होऊ नका, बाटली बाजूला ठेवा.

१९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली आहे, जिल्हा ग्राहक आयोगात पण जाणार आहे, ५ लाखांपर्यंतच्या मालाला तिथे फी लागत नाही. अडचण एकच, बिल नाही. ऑनलाइन पैसे दिल्याचे स्क्रीनशॉट आणि त्याचे व्हॉट्सॲप मेसेज एवढाच पुरावा. त्याचा नंबर आता बंद येतो.

त्या झाडांची सगळी भाजी मी उपटून खड्ड्यात पुरली. आता नवीन रोपं आहेत, पोखरलेले शेंडे रोज हाताने खुडते, वांग्यात कामगंध सापळे (मादीच्या वासाने अळीचे नर पतंग पकडणारे) लावलेत, आणि आबांच्या दारच्या निंबाच्या निंबोळ्या वाळवून ठेवल्या होत्या त्या ५०० ग्रॅम कुटून रात्रभर भिजवून १० लिटर पाण्यात गाळून मारते. अळी आहे अजून. चार वांग्यांतलं एक किडकं निघतं, ते कापून टाकते आणि बाकीची तीन सासूबाईंना घालते.

दोन गोण्या न उघडता मागच्या शेडमध्ये ठेवल्यात, आयोगात लागतील म्हणून. वरणगाव, सावदा, यावल भागात कुणी असंच खत घेतलं असेल तर गोणी उलटी करून बघा, आत सरकी ढेपेची छपाई असली तर मला मेसेज करा, तक्रार सोबत करू.